बिनभाड्याची जमीन

मी, तोमिए ओनोझुका, कै. कानेओ ओनोझुका यांची पत्नी, वय त्र्याऐंशी, राहणार ओगुराझावा, निगाता प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. उजवा कान अधू आहे, पण मृत्युपत्र कानाने लिहायचे नसते. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून भुलवलेले नाही, आणि कोणी काही पाजलेलेही नाही. याआधी मी असा कागद केला नाही, कारण तशी वेळच येणार नाही अशी तजवीज माझ्या यजमानांनी करून ठेवली होती.

नोंदणीची कामे करणाऱ्या शिराई बाई म्हणाल्या, "आजी, कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा. कारणं लिहायची गरज नसते." गरज नाही हे मलाही कळते. पण पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारी भ्रमिष्ट झाली होती, म्हणून लिहिते. शाई माझी आहे.

माझी माणसे अशी. थोरला मुलगा योशिहारु, साइतामाला असतो. धाकटा मुलगा कोहेइ, मयत. कोहेइची बायको रित्सुको, माझ्या घराला लागून असलेल्या घरात एकटी राहते आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. त्या दोघांना मूल झाले नाही. त्यामुळे कायद्याने माझा वारस एकटा योशिहारु. सून कायद्याच्या लेखी माझी कोणी लागत नाही. पंचवीस वर्षे रोज माझ्या हातची चव बघून "आई, मीठ कमी आहे" म्हणणारी बाई कोणी लागत नाही, हे मला मुलगा गेल्यावर कळले.

कलम पहिले. जमिनीची हकिगत.

माझ्या घराच्या पूर्वेला, जिथे पूर्वी तातामी चटयांसाठी गवत साठवायची शेड होती, तो तुकडा माझ्या मालकीचा आहे. त्यावर उभे असलेले घर माझे नाही. ते कोहेइने हेइसेइच्या नवव्या वर्षी, म्हणजे १९९७ साली, कर्ज काढून बांधले.

त्या वर्षी यजमानांनी माकिनो नावाच्या कर सल्लागाराला बोलावले होते. तेही आता हयात नाहीत. आमच्या चटयांच्या दुकानाचे हिशेब तेच बघायचे. मी चहा आणि मुळ्याचे लोणचे पुढे ठेवले. यजमान म्हणाले, "पोराला घर बांधायला जागा द्यायचीय. कागद कसा करू ते सांगा."

"नावावर करून दिलीत तर ते बक्षीस होतं," माकिनो म्हणाले. "बक्षिसावर कर बसतो, तोही भरायचा पोरानंच. घराच्या कर्जात त्याचं कंबरडं मोडेल."

"मग भाड्यानं देतो."

"ते त्याहून अवघड. भाडं घेतलंत की जागेवर त्याचा भाडेकरूचा हक्क तयार होतो. तो हक्क तुम्ही त्याला फुकट दिलात असं धरतील आणि त्यावर कर मागतील."

"म्हणजे दिली तरी कर, भाड्यानं दिली तरी कर? आता काय जागा त्यानं चोरावी?"

"तुम्ही काहीच करू नका. जागा तुमच्या नावावर, वर घर त्याचं, भाडं एक येनही नाही. बापाच्या अंगणात पोरगा राहतो, बस. त्याला कर नाही. तुम्ही गेलात की वारसानं जागा त्याची. आणि राग मानू नका, पण तुमच्याएवढ्या इस्टेटीला वारसा करसुद्धा लागणार नाही."

यजमानांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे मी मेलो की सगळं आपोआप! मग सोपंय. मरायला कुठं शिकावं लागतं?"

सगळे हसले. कोहेइ नाही हसला. तो लहानपणापासून असाच, कोणी खाऊ दिला तरी घरी येऊन परतफेड काय करायची ते विचारायचा. तो म्हणाला, "बाबा, फुकट राहणं मला जमायचं नाही. माकिनोसान, दुसरं काही देता येतं का?"

"पैसे सोडून काहीही दे."

"मग तुमच्या छपराचा बर्फ मी काढीन. दर हिवाळ्यात. तेच माझं भाडं."

"चालेल," माकिनो म्हणाले. "बर्फावर अजून तरी कर बसलेला नाही."

हे सगळे बरोबर होते. मी नंतर दुसऱ्या सल्लागाराला विचारले, शिराई बाईंना विचारले, सगळे म्हणाले की त्या वेळचा सल्ला अगदी चोख होता. कोणी लबाडी केली नाही, कोणी हलगर्जीपणा केला नाही. फक्त एक गोष्ट सगळे धरून चालले होते, की जो आधी जन्माला आला तो आधी जाणार. ती कोणी कागदावर लिहिली नाही, कारण ती लिहायची गोष्टच नव्हे.

कलम दुसरे. हुकलेली वेळ.

यजमान हेइसेइच्या सत्ताविसाव्या वर्षी (२०१५) गेले, ठरल्याप्रमाणे आधी. तेव्हा जमीन कोहेइच्या नावावर होऊ शकत होती, विनाकर. शिराई बाईंनी तसे दोन्ही मुलांना समोर बसवून विचारले. योशिहारु म्हणाला, "आई आहे तोवर सगळं आईच्या नावावर राहू दे." कोहेइ म्हणाला, "हो, आईच्याच." नंतर स्वयंपाकघरात रित्सुको त्याला हळूच म्हणाली, "आपल्या घराखालची तेवढी तरी मागायची होती." तेव्हा तो म्हणाला, "बाबांची राख अजून गरम आहे आणि मी जमीन मागू? आणि तीही आई जिवंत असताना? लोक शेण घालतील तोंडात."

मी ते ऐकले. डावा कान चांगला आहे. मला बरे वाटले होते. आपला मुलगा लोचट नाही, असे वाटले होते. आमच्या गावात सगळ्या घरी असेच करतात. एक पालक गेला की मुले हात मागे घेतात आणि सगळे दुसऱ्या पालकाच्या नावावर ठेवतात. त्याला चांगले वळण म्हणतात.

कलम तिसरे. जमीन.

वर सांगितलेली पूर्वेकडची जमीन, तिच्याकडे जाणाऱ्या वाटेसह आणि विहिरीच्या अर्ध्या हक्कासह, माझ्या मृत्यूनंतर मी रित्सुको ओनोझुका हिला देते. (या ओळीत एक नाव खोडले आहे. शेवटची नोंद पाहावी.)

तिला ती का द्यावी लागते, हे योशिहारुने आता वाचावे. तो तोंडावर ऐकून घेत नाही.

कोहेइ रेइवाच्या चौथ्या वर्षी (२०२२), जानेवारीत, माझ्या छपरावरून पडून गेला. त्याच्या स्वतःच्या घराचे छप्पर उतरते आहे, त्यावर बर्फ टिकत नाही, आपोआप घसरतो. त्याने ते मुद्दाम तसे बांधून घेतले होते. माझे छप्पर जुने, त्यावरचा बर्फ माणसाला चढून काढावा लागतो. त्या दिवशी सकाळी तो चढला. कमरेला दोर नव्हता. सगळे म्हणाले, दोर बांधायला हवा होता. हो, हवा होता.

मी आत होते. दहाच्या चहासाठी गोड बटाटा भाजत होते. वरून बर्फाचे ढेकूळ पडते तसा आवाज आला. सकाळपासून तसे आवाज येतच होते. बर्फावर बर्फ पडला किंवा बर्फावर माणूस पडला तर आवाज एकच येतो. मी बटाटा उलटला. चहा झाल्यावर हाक मारली.

त्यानंतर मला काही वाटत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. डॉक्टरांनी विचारले तेव्हाही असेच सांगितले. झोप येते, भूक लागते, टीव्हीवरची कुस्ती बघते, रडू येत नाही. थंडीत फार वेळ बाहेर राहिले की बोटे आपली वाटत नाहीत, तसे सगळे अंग झाले आहे. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. माझ्याजवळ तो फारसा नाही, असे मी त्यांना म्हणाले, तर त्यांना वाईट वाटले. त्यांचे मला वाईट वाटले नाही.

कोहेइचे घर कोणाचे, हा प्रश्न आला तेव्हा कळले की मूल नसल्यामुळे दोन तृतीयांश घर बायकोचे आणि एक तृतीयांश आईचे. मुलाच्या घराचा तिसरा हिस्सा मला वारसाने आला होता. कोणता हिस्सा ते कोणी सांगितले नाही. मी शिक्का मारून तो सोडला. घर पूर्ण रित्सुकोचे झाले, आणि त्याच्याखालची माती माझी राहिली.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले. भिक्षू जेवून गेले. रित्सुको पाहुण्यांचे पेले धूत होती, मध्ये फक्त कागदी सरकता दरवाजा होता. तेव्हा योशिहारु मला म्हणाला, "आई, एक बोलू का? रित्सुकोला आता मोकळं करायला हवं. तिचं वय काही झालेलं नाही, माहेर आहे. तिनं इथं कशाला अडकून पडायचं?"

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात. जागा तुझी आहे. उद्या माझ्याकडे येणार. औषधाच्या दुकानवाले मोठी सलग जागा शोधतायत हमरस्त्याला लागून. अर्धी देऊन चालत नाही त्यांना. घर आहे ते पाडावं लागेल, त्याचा खर्च मी तिच्याकडून मागणार नाही."

"फार उपकार झाले," मी म्हणाले.

"आई, टोमणे मारू नकोस. कायदा बघ. जागा वापरायला दिली होती कोहेइला. तो गेला, वापर संपला. मी काही वाकडं बोलत नाही."

तो वाकडे बोलत नव्हता. शिराई बाईंना विचारले, त्याही म्हणाल्या, तसे म्हणता येते. कर वाचवायला जो कागद आम्ही केला नव्हता, तोच कागद आता तिच्या हातात नव्हता. आत पेले धुण्याचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

रित्सुको मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तो सगळा उन्हाळा ती नेहमीसारखी येत राहिली. मग डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी मी खिडकी उघडली तर माझ्या वळचणीला कोहेइ चढायचा ती अॅल्युमिनियमची शिडी लावलेली, आणि शिडीवर कोहेइचे बूट. बूट घालणारी रित्सुको होती. हातात फावडे, कमरेला दोर. दोर तिने बांधला होता, हे तिच्या बाजूने लिहून ठेवते.

"रित्सुको, खाली उतर."

"आई, थोडाच आहे. दुपारच्या आत होईल."

"उतर म्हणते ना! तुला कोणी सांगितलं वर चढायला?"

ती शिडीवरच थांबली. वर बघत म्हणाली, "कोणी नाही सांगितलं. पण मी तुमच्या जागेवर राहते ना. या वर्षीचं भाडं राहिलंय."

मी अनवाणी बाहेर गेले आणि शिडीचा पाय दोन्ही हातांनी धरला. किती वेळ धरला ते माहीत नाही. ती उतरली. माझे पाय तिने तिच्या जाकिटात गुंडाळले आणि ओरडली, "असं करतं का कोणी! तुम्हालाही काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?" ती रडली. मी बघत होते. पण तेव्हा मला एक गोष्ट स्वच्छ कळली, आणि हे मृत्युपत्र त्या एका गोष्टीसाठी आहे. जमीन दुसऱ्याची आहे तोवर ही बाई भाडे फेडत राहील. पैशाने फेडू दिले नाही तर छपरावर चढेल. जमीन तिची झाली की भाडे संपले.

"आत्ताच तुझ्या नावावर करून देते," असे मी तिला त्याच दिवशी म्हणाले. ती म्हणाली, "तुम्ही जिवंत असताना मी जमीन घेऊ? लोक काय म्हणतील." शब्द तेच. तिने ते कोहेइकडून घेतले की दोघांनी गावाकडून, कोण जाणे. म्हणून मरणोत्तर देते. मेलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही.

कलम चौथे. कर.

शिराई बाईंनी एक उपाय सुचवला होता. सून वारस नसल्यामुळे तिला जमीन मिळताना नोंदणीचा कर जास्त बसेल आणि जमीन मिळवल्याचा वेगळा कर बसेल. मी तिला दत्तक घेतले तर ती मुलगी होते, वारस होते, आणि यातला बराचसा कर वाचतो. "आजी, पुष्कळ लोक करतात. एक अर्ज, दोन शिक्के."

मी नाही म्हणाले. रित्सुकोची आई कशिवाझाकीला आहे, धडधाकट आहे, दर शरद ऋतूत मला वाळवलेले मासे पाठवते. कर चुकवण्यासाठी मी कोणाच्या लेकीला लेक म्हणणार नाही. म्हणायचे असते तर केव्हाच म्हटले असते, फुकट. शिवाय कर वाचवायला या घराने एकदा अक्कल चालवली, तेवढी पुरे.

म्हणून माझी आज्ञा अशी: जमीन रित्सुकोच्या नावावर होताना जो काही कर लागेल तो माझ्या पोस्टातल्या ठेवीतून सर्वांत आधी भरावा. पूर्ण भरावा. कोणी सवलत सुचवली तर ऐकू नये. पावती घ्यावी आणि ती माझ्या यजमानांच्या तसबिरीसमोर ठेवावी. त्यांना बघू दे.

कलम पाचवे. योशिहारु.

कर भरून उरलेली ठेव, राहते जुने घर आणि नदीकाठचे भाताचे खाचर मी योशिहारुला देते. शिराई बाईंनी मांडून दाखवले आहे की कायद्याने त्याला जेवढे मिळायलाच हवे त्यापेक्षा हे कमी नाही. तेव्हा त्याने वकील करण्यात पैसे घालवू नयेत. औषधाच्या दुकानाला अर्ध्या जागेत बसता येत नसेल तर त्यांनी उभे राहावे.

बाळा, तू वाईट नाहीस. तू बरोबर बोलतोस, तेवढाच तुझा दोष. तुझे वडीलही बरोबरच बोलत होते.

वडिलांचा चटया कापायचा रुंद पात्याचा सुरा आणि सुयांची पेटी तुलाच देते. धंदा नको म्हणून तू अठराव्या वर्षी पळालास, त्याचा राग त्यांनी शेवटपर्यंत धरला. मी धरला नाही, कारण धंदा बसणारच होता. सुऱ्याला धार लावता येत नसेल तर कोरडा ठेव, एवढे जमेल. पूर्वजांचा देव्हाराही तुझ्याकडे. त्यातली कोहेइच्या नावाची स्मरणपाटी तेवढी रित्सुको मागेल तर तिची.

जुने घर देताना एक अट आहे. त्याच्या छपरावर बर्फ काढायला कोणीही चढायचे नाही. तू नाही, रित्सुको नाही, पैसे देऊन आणलेला माणूसही नाही. बर्फाने घर बसले तर बसू द्यावे. घर बसण्यासाठीच असते, माणूस पडण्यासाठी नसते.

कलम सहावे. किरकोळ.

शिडी भंगारात द्यावी. कोणाला वापरायला देऊ नये, मागितली तरी.

आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचे पिंप, भाताचा मोठा कुकर आणि माझे सगळे कोट रित्सुकोला. तपकिरी कोट तिला मोठा होईल, आखडून घ्यावा.

लोणच्याच्या पिंपावर ठेवायचा मोठा दगड शेजारच्या कुवाबारा बाईंना. मासळीच्या गाडीपाशी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "बघाल तुम्ही, सून आता सासरचं नातं तोडायचा अर्ज टाकून मोकळी होणार." असा अर्ज असतो, नगरपालिकेत फुकट मिळतो. रित्सुकोने तो टाकलेला नाही. टाकायचा असेल तर खुशाल टाकावा, जमीन तरीही तिचीच आहे, आणि तिने पुन्हा लग्न केले तरी तिचीच आहे, आणि तिने ती औषधवाल्यांना विकून कशिवाझाकीला समुद्र बघत बसायचे ठरवले तरी तिचीच आहे. कुवाबारा बाईंनी तो दगड आमच्याकडून तीन हिवाळे उसना नेला आणि दर वेळी हलका आहे म्हणून परत केला. आता कायमचा घ्यावा. तोंडावर ठेवायला नाही, पिंपावर.

अंत्यविधी छोटा करावा. मी हिवाळ्यात गेले तर बर्फ वितळेपर्यंत राख घरात ठेवावी, थडग्यापर्यंत वाट काढायला कोणाला पाठवू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिराई बाईंनी करावी. त्या कारणे वगळून वाचतील याची मला खात्री आहे.

हे सर्व मी वाचले, पुन्हा वाचले, आणि मला पटले म्हणून खाली नाव लिहून शिक्का उमटवते.

तोमिए ओनोझुका (शिक्का)
ओगुराझावा, निगाता प्रांत
रेइवाचे पाचवे वर्ष, नोव्हेंबर ९, पहिल्या बर्फाआधी

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत असे शिराई बाई म्हणाल्या. मला लागतात. यजमानांच्या आणि माकिनोंच्या बोलण्याला घराबाहेरचा कोणी साक्षीदार नव्हता.

साक्षीदार: शुन्इचि हिगुचि, टोफूवाले, कोहेइचे शाळेतले मित्र (सही)
साक्षीदार: चियो ताकिझावा, निवृत्त शिक्षिका (सही)

दुरुस्तीची नोंद. कायद्याप्रमाणे खाडाखोड कुठे आणि काय केली ते लिहून पुन्हा नाव घालावे लागते, ते असे.

कलम तिसरे, पहिले वाक्य. जमीन कोणाला देते, तिथे माझ्या हाताने आधी दुसरेच नाव लिहिले होते. मला वाचून दाखवताना हिगुचि थांबला आणि म्हणाला, "काकू, हे पान नवीन लिहू या का? मी थांबतो, घाई नाही मला." मी नको म्हणाले. आयुष्यभर ते नाव तिथेच लिहायचे ठरले होते, हाताने ठरल्याप्रमाणे केले. असू दे.

एक नाव खोडले: कोहेइ. एक नाव घातले: रित्सुको.

तोमिए ओनोझुका (शिक्का)